खुंटीची कावीळ

आमच्या लातूर भागात कावीळ झाली की पुष्कळांचे पाय आधी दवाखान्याकडे वळत नाहीत, माळ देणाऱ्याच्या घराकडे वळतात. शाळेत असताना मीही ती काड्यांची माळ गळ्यात घातली आहे. माळ रोज लांबत जाई आणि जसजशी ती लांबेल तसतशी कावीळ उतरते, असे घरात सारे सांगत. मी बरा झालो. माळेची कीर्ती आणखी एका घराने वाढली.

पुढे नांदेडला कॉलेजात आल्यावर मनात शंका आली. सुट्टीत तशीच एक माळ मिळवून मी घरातल्या खुंटीला अडकवली. चार दिवसांत तीही लांबली. खुंटीला काही कावीळ झाली नव्हती! ओल्या काड्या वाळून आकसतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात, एवढेच त्यातले गुपित.

मग मी बरा कसा झालो? दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. यकृत आपली झीज आपणच भरून काढते; श्रेय मात्र माळ घेऊन जाते. परंतु गरोदर स्त्रीच्या जिवावर हीच ‘ई’ बेतू शकते. ‘बी’ आणि ‘सी’चे विषाणू रक्तातून शिरतात, डोळे पिवळे न करताही वर्षानुवर्षे मुकाट राहतात आणि शेवटी सिरोसिस किंवा कर्करोगाच्या रूपाने प्रकट होतात. कोणता विषाणू आहे हे रक्त सांगते, माळ सांगत नाही.

म्हणून माझे भांडण माळेशी नाही, माळेपाशी थांबण्याशी आहे. ‘बी’वर लस आहे, ‘सी’ गोळ्यांनी बरी होते. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत.

दुसरा प्रश्न पाण्याचा. दिल्लीत १९५५-५६ साली नाल्याची घाण पिण्याच्या पाण्यात मिसळली आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. २०१२ साली इचलकरंजीतही दूषित पाण्याने साथ पसरून माणसे दगावली. लातूरने तर २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायले आहे. टंचाईत माणूस पाण्याची पारख करीत बसत नाही. नांदेडची गोदावरी आपण रोज पाहतोच. तिच्यात सांडपाणी सोडणाऱ्या गावाला किती माळा पुरतील?

मित्रहो, घरात कुणाला कावीळ झाली तर माळ हवी तर घाला. पण त्याच दिवशी रक्त तपासा आणि पाणी उकळा.