परवानगी डॉक्टरला, अंगठा बाईचा, आणि माहिती कुणालाच नाही

आमच्या बीड जिल्ह्यात तिशी-पस्तिशीतल्या बाईला "पिशवी काढली का गं?" असं विचारलं तर कुणाला नवल वाटत नाही. मला वाटतं, आणि रागही येतो. म्हणून ही लांबलचक पोस्ट. पुरुषांनीही वाचावी.

आकडे विसरला असाल तर आठवण करून देते. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींत एक! चॅनेलवाले आले, गेले. खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं राज्यांनी लागू करावीत असं सांगितलं.

चांगलंच झालं. पण या सगळ्या कागदांत बाई कुठंय? परवानगी एक डॉक्टर मागणार, सही दुसरा डॉक्टर करणार. जिच्या ओटीपोटात वर्षानुवर्षं कळ येते, तिला ती का येते हे कोण सांगणार?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बाया येतात त्या कंबर धरून. चौथ्या-पाचव्या खेपेला हळूच म्हणतात, "ताई, खालीपण दुखतंय." त्यातल्या कितीतरी जणींची पिशवी आधीच काढलेली असते. पिशवी गेली, कर्ज डोक्यावर बसलं, दुखणं तिथंच.

असं का होतं? दुखणं तीन-सहा महिन्यांच्या वर टिकलं की त्याचं गणित बदलतं. सुरुवातीला सूज असेल, जंतुसंसर्ग असेल, पाळीचा आजार असेल. पुढं मात्र मज्जातंतू आणि मेंदू गरजेपेक्षा जास्त सावध होतात. शेतावरच्या राखणीच्या कुत्र्यासारखं. एकदा चोर येऊन गेला की नंतर पान हललं तरी ते भुंकतं. भुंकणं खरंच असतं, चोर मात्र दर वेळी असतोच असं नाही. म्हणून "तपासण्या नॉर्मल आहेत, तुझ्या मनाचे खेळ आहेत" म्हणणारा डॉक्टर चुकतो, आणि "काढून टाकू, मोकळी होशील" म्हणणाराही चुकतो.

आता या बाईच्या कानात "नाही काढली तर कॅन्सर होईल" एवढंच वाक्य सोडा. झोप उडते. श्वास छातीतच अडकतो. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू मुठीसारखे आवळले जातात. आवळलेले स्नायू दुखतात, दुखलं की भीती वाढते, भीतीनं ते आणखी आवळतात. हे चक्र नीट समजावून सांगणं हाच उपचाराचा पहिला भाग आहे. पोटात सावकाश श्वास घेणं, स्नायू सैल सोडायला शिकणं, हळूहळू हालचाल वाढवणं हे त्यानंतर. मोबाईलवर बघून सरसकट "खालचे स्नायू आवळा" असा व्यायाम सांगणाऱ्यांनीही थांबावं. खोकताना लघवी सुटत असेल तर तो उपयोगी. आधीच आवळलेले असतील तर दुखणं वाढू शकतं.

कुणी म्हणेल, अडाणी बायांना हे काय कळणार? उचल, खाडा, टनाचा भाव यांचा हिशोब तोंडपाठ ठेवणारी बाई अडाणी? तिला कळतं. सांगायला तुम्हाला वेळ नाही, हे कबूल करा.

दुसरा आक्षेप खरा आहे: नुसत्या माहितीनं काय होतं? फडात संडास नाही, लघवी धरून ठेवावी लागते, पाणी कमी प्यावं लागतं, पाळीतही मोळी उचलावी लागते, खाडा केला तर पैसे कापतात. बरोबर आहे. संडास, पाणी आणि पगारी सुट्टी मागायलाच हवी. पण आपलं अंग का दुखतं हे समजलेली बाई ती मागणी जास्त ठामपणे करेल.

आणि हो, माहिती म्हणजे तपासणी टाळणं नव्हे. पाळी कायमची गेल्यावर रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, लघवीतून रक्त, तापासह ओटीपोटात दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, यापैकी काहीही असेल तर लगेच दवाखाना गाठा. काही जणींना ऑपरेशन लागतंच. प्रश्न न लागणाऱ्या ऑपरेशनचा आहे.

माझी मागणी साधी आहे. टोळ्या निघण्याआधी गावोगावी आशाताईंसोबत ओटीपोटाच्या आरोग्याची बैठक घ्या. आणि परवानगीच्या अर्जाला एक मराठी कागद जोडा, बाईला वाचून दाखवलेला. त्यात पाच उत्तरं हवीत:

१. मला नेमकं काय झालंय?
२. कुठल्या तपासणीत ते दिसलं?
३. पिशवी न काढता काय उपाय आहेत आणि ते करून पाहिले का?
४. अंडाशय ठेवणार की काढणार? (काढले तर पाळी जाण्याचे त्रास लगेच सुरू होतात, हाडंही लवकर ठिसूळ होतात.)
५. काढल्यावर दुखणं जाईलच याची खात्री किती?

तोवर हे पाच प्रश्न आपल्या आईला, बहिणीला, वहिनीला पाठ करून द्या. उत्तर मिळत नसेल तर सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

ऑपरेशनला बाईचा अंगठा चालतो. मग तिचा प्रश्न का चालत नाही?