‘डेड मॅन’ संथ आहे, असू दे!

जिम जारमुशच्या ‘डेड मॅन’ (१९९५) या वेस्टर्नवरचे आक्षेप इतक्या वर्षांत फारसे बदललेले नाहीत. सिनेमा रटाळ आहे, कृष्णधवल असणं हा कलात्मकतेचा आव आहे, नील यंगची गिटार कानाला बोचते आणि दोन तास घालवून हाती काही लागत नाही. रॉजर ईबर्टसारख्या जाणत्या समीक्षकानेही दीड ताऱ्यावर त्याची बोळवण केली होती. तेव्हा हा पूर्वपक्ष अडाण्यांचा म्हणून झटकून टाकता येणार नाही.

त्यातला सगळ्यात लंगडा मुद्दा कृष्णधवलाचा. ‘स्टेजकोच’ (१९३९) आणि ‘हाय नून’ (१९५२) कृष्णधवलच होते. जॉन फोर्डने तर रंग हाताशी असूनही १९६२ साली ‘द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’ तसाच केला. म्हणजे जारमुश वेस्टर्नच्या घरचंच वापरतोय. शिवाय रॉबी म्यूलरच्या कॅमेऱ्यात तांबडे कडे आणि निळं आभाळ नाही, त्यामुळे जंगलाचं पर्यटनखात्याचं पोस्टर होत नाही, हा फायदाच.

संथपणा मात्र आहे. पण सुरुवातीचा रेल्वेप्रवास नीट पाहा. क्लीव्हलंडचा हिशेबनीस विल्यम ब्लेक (जॉनी डेप) चौकड्यांचा सूट घालून डब्यात बसलाय. पडदा काळा होतो, उजळतो, आणि समोरचे प्रवासी बदललेले असतात. नीटनेटक्या कपड्यांतली मंडळी जाऊन कातडी पांघरलेले बंदूकवाले आलेत. मग इंजिनवरचा काजळी माखलेला फायरमन समोर येऊन बसतो, काहीबाही बोलतो, आणि एकाएकी डबाभर माणसं खिडक्यांतून बायसनवर गोळ्या झाडू लागतात. यावर कुणी भाषण ठोकत नाही. याला ‘काही घडत नाही’ म्हणायचं असेल तर बोलणंच खुंटलं.

खरी अडचण वेगळी आहे. वेस्टर्नच्या प्रेक्षकाला (आपण तर ‘शोले’वर पोसलेले) ती नजरानजर, तो ताण आणि मग गोळीबाराची मजा हवी असते. जारमुश नेमकी तीच हिरावून घेतो. ब्लेकला घरी नेणाऱ्या थेलच्या बिछान्यातून ब्लेक तिच्या जुन्या प्रियकरावर, चार्ली डिकिन्सनवर, पिस्तूल झाडतो तेव्हा नेम हुकतो; चार्ली उभाच. मग एक गोळी मानेत लागते. ना शौर्य, ना डौल. त्याआधी थेलच्या शरीरातून आरपार गेलेली चार्लीची गोळी ब्लेकच्या छातीत रुतलेली असते. तिथून पुढे तो मरत चाललेला माणूस आहे आणि सिनेमा त्याच्या नाडीने चालतो. त्याने घोडा चौखूर उधळावा, ही अपेक्षा कसली? यंगने सिनेमा पाहता पाहता वाजवलेल्या गिटारीत गोड सुरावट नाही, तेही याचसाठी.

नरभक्षक मारेकरी कोल विल्सन ताणलाय आणि इगी पॉपचा शेकोटीचा प्रसंग निम्म्यात आटोपला असता, हे मला मान्य. पण ब्लेकच्या मूळ रहिवासी सोबत्याची, नोबडीची, भूमिका करणारा गॅरी फार्मर, जो स्वतः कायुगा आहे, मूळ रहिवाशांच्या भाषेत बोलतो तेव्हा उपशीर्षकं नाहीत, ही तक्रार मला मान्य नाही. आजवर पडद्यावरचा ‘इंडियन’ गोऱ्यांना कळेल तेवढंच बोलत आला. इथे काही संवाद त्याच्या माणसांसाठी आहेत. आपण थोडा वेळ बाहेर उभं राहायला काय हरकत?

‘अनफरगिव्हन’ (१९९२) या वेस्टर्नला ऑस्कर मिळालं ते योग्यच झालं. पण हिंसेचा धिक्कार करता करता शेवटच्या गोळीबारात त्यानेही प्रेक्षकाची चटक भागवलीच. ‘डेड मॅन’ ती भागवत नाही. माझं मत म्हणूनच ‘डेड मॅन’ला.