इंजिनिअर म्हणे, आणि इंजिन उघडता येत नाही

मामेभावाच्या हळदीला जळगावात मला तिघांनी एकच प्रश्न विचारला, "म्हणजे आता तू गॅरेजवाला?" चौथ्याने मला विचारलंच नाही. तो पप्पांना मांडवाबाहेर घेऊन गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "पोराला काही टेन्शन वगैरे आहे का, भो?"

तर एकदाच सांगून टाकतो. टेन्शन नाही. कम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, हिंजवडीत सहा वर्षं कोड लिहिला, गेल्या वर्षी राजीनामा दिला. आता बोटींची इंजिनं दुरुस्त करायला शिकतोय. ऑफिसात छळ झाला नव्हता आणि हिमालयात साक्षात्कारही झाला नव्हता. माझ्यावर कुणी 'पॅशनच्या मागे धावला' अशी रील केली तर ब्लॉक करीन. 'पोरगा वाया गेला' जितकं खोटं, तितकंच ते खोटं.

सुरुवात झाली एका पालथ्या बोटीपासून. तापी आणि पूर्णेचा संगम चांगदेवला होतो. खाली हतनूर धरण, 41 दरवाज्यांचं, त्यामुळे संगमावर पाणी लांबवर पसरलेलं. मासेमारीच्या होड्या असतात, यात्रेला येणाऱ्यांना फिरवणाऱ्या असतात. काठावर फायबरची एक सोळा फुटी बोट उलटी पडली होती आणि तिच्या सावलीत शेळ्या बसल्या होत्या. मालक भोई समाजातले एक काका. म्हणाले, तीन वर्षांपूर्वी इंजिन बंद पडलं, दुरुस्त करणारा जवळपास कुणी मिळाला नाही, म्हणून बोटही बसली. मी फुशारकीने म्हणालो, "मी इंजिनिअर आहे, बघू द्या." त्यांनी घरातून मशीन आणून समोर ठेवलं. त्याचं वरचं झाकण कुठून निघतं हेच मला दहा मिनिटं सापडलं नाही. काका काही बोलले नाहीत. ते हसले असते तर बरं झालं असतं.

बिघाड काय होता सांगतो, कारण मुद्दा त्यातच आहे. बोटीच्या मागे लटकवायच्या इंजिनाला रेडिएटर नसतो. ते नदीचंच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतं, आणि ते ओढायला खालच्या भागात तळहाताएवढी रबरी चक्री असते, इम्पेलर. तापीच्या गाळाने ती झिजते. ती चालू आहे की नाही हे कळायला इंजिनातून पाण्याची बारीक धार बाहेर पडते. धार थांबली की इंजिन ताबडतोब बंद करायचं. हे काकांना कुणी सांगितलंच नव्हतं. इंजिन तापलं, पिस्टन चिकटला, एका कुटुंबाची कमाई तीन वर्षं शेळ्यांच्या सावलीला गेली. सगळं कशामुळे, तर एका रबराच्या तुकड्यामुळे.

मी त्यांच्याशी सौदा केला. दुरुस्तीचा खर्च माझा, शिकणं माझं, बोट त्यांचीच. सामान मुंबईहून मागवलं. कार्ब्युरेटर उघडला तर आत हिरवट चिकटा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि टाकी महिनोन्‌महिने पडून राहिली तर पाणी तळाशी वेगळं होतं. मोटारसायकलला फारसं जाणवत नाही, कारण ती रोज चालते. बोट हंगामी. आता काका हंगाम संपला की टाकी रिकामी करून ठेवतात.

बोटीचं काम त्याहून चिवट निघालं. फायबर वरून ठणठणीत दिसतं, पण हातोडीच्या दांड्याने ठोकत गेलं की एका जागी 'ठण्' ऐवजी 'भद' वाजतं. इंजिन ज्या मागच्या फळीवर लटकतं तिच्या आतलं प्लायवूड कुजलेलं होतं. ते कोरून काढलं, नवं बसवलं, वर मॅट आणि रेझिनचे थर. रेझिनमध्ये हार्डनर किती टाकायचा याचं जे माप लिहिलेलं असतं, ते आपल्या मे महिन्यासाठी लिहिलेलं नसतं. पहिला मग माझ्या हातातच दगड झाला, चटका बसेल इतका गरम. मग हार्डनर कमी केला आणि पहाटे साडेचारला काम सुरू करायला लागलो. सर्व्हर कोसळला म्हणून मी रात्रभर जागलोय, पण चूक इतक्या लवकर आणि इतकी स्पष्ट दाखवणारं दुसरं काही मला अजून भेटलेलं नाही.

डिझेल मी धुळ्यात शिकलो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे रस्ते तिथे मिळतात, त्यामुळे ट्रकची गॅरेजं भरपूर. एका उस्तादांनी मला आठ महिने हाताखाली घेतलं, पहिले दोन महिने फक्त धुवायला. ते नववी नापास. धूर पाहून सांगतात, नॉझल गेलाय की एअर फिल्टर. माझ्या कॉलेजात ते वर्गाबाहेर उभे राहिले असते, आणि हाच माझा राग आहे.

1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडून दिलं. त्यातून माझ्यासारख्यांच्या घरात पहिली पदवी आली, हे मी नाकारत नाही. पण पदवीबरोबर आणखी एक गोष्ट घरात आली, ती म्हणजे हात काळे होणं ही अधोगती आहे ही समजूत. खरं तर ती जुनीच आहे, जातीइतकी जुनी. कॉलेजने तिला फक्त सर्टिफिकेट दिलं. जळगावच्या विद्यापीठाला नाव आहे बहिणाबाईंचं. लिहिता-वाचता न येणारी, शेतात आणि जात्यावर राबणारी बाई. तिच्या नावाचं सर्टिफिकेट भिंतीवर टांगायचं आणि भोईकाकांना, फिटरला 'अरे-तुरे' करायचं, हे आपल्याला जमतं तरी कसं?

व्यवस्थाही तशीच. जहाजावर इंजिनिअर व्हायचा पदवीनंतरचा एक वर्षाचा कोर्स आहे, पण त्याला मेकॅनिकल किंवा त्याच्या जवळपासची पदवी लागते. माझी कम्प्युटरची चालत नाही, आणि वयही आडवं येतं. आयटीआयला 'मरीन फिटर' हा ट्रेड आहे, दहावी पासला. बारावीला चांगले मार्क पडलेल्या माझ्या वर्गातल्या एकालाही कुणी त्याचं नाव सांगितलं नाही. करिअर गाइडन्सला आलेल्या सरांनीही नाही.

"खान्देशात कुठला समुद्र?" हा पुढचा प्रश्न. नकाशा उघडा. 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या नंदुरबारमध्ये नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या पाड्यांना होडी हाच रस्ता आहे. 2020 मध्ये लॉकडाउनच्या काळात चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे रोज सुमारे 18 किलोमीटर होडी वल्हवत बाळांना आणि गरोदर बायांना तपासायला जात होत्या. आपण तो व्हिडिओ शेअर केला, हात जोडल्याची इमोजी टाकली. त्या बाईला हातांनी का वल्हवावं लागतं, हा साधा इंजिनिअरिंगचा प्रश्न आपल्यापैकी किती इंजिनिअरांना पडला? मलाही तेव्हा पडला नव्हता. मीही इमोजीच टाकली होती.

पैशाचं लपवत नाही. उत्पन्न आधीच्या चौथ्या हिश्श्यावर आलंय. घराचा हप्ता नाही आणि पप्पांची पेन्शन आहे, म्हणून हे परवडतं. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे त्याने माझं ऐकून राजीनामा टाइप करू नये. लग्नाची दोन स्थळं 'कळवतो' म्हणून गेली ती गेलीच. आई त्यावर बोलत नाही, फक्त माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजवते.

बोट दिवाळीनंतर पाण्यात उतरली. काकांनी दोरी ओढली, तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. ते पुढे बघतच नव्हते, मागे वळून त्या पाण्याच्या धारेकडे बघत बसले होते. आता त्यांच्या भावकीतली दोन इंजिनं माझ्याकडे आलीत, आणि एकाचा गिअर ऑइल चहासारखा झालाय, म्हणजे सीलमधून पाणी शिरलंय. मंडपातल्या त्या चौघांनाही निरोप धाडलाय, रविवारी चांगदेवला या, सकाळी सहाला. चांगले बूट घालू नका, काठावर चिखल आहे.