शर्ट बाटलीचा की बोंडाचा?

दोस्तांनो, २०१५ च्या क्रिकेट विश्वचषकात आपल्या संघाने घातलेला निळा पोशाख कशापासून बनला होता, माहीत आहे? प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्यांपासून! एका पोशाखाला सरासरी ३३ बाटल्या.

यात जादू काही नाही, बरं का. पाण्याच्या बाटलीचं बूड पाहा. तिथे त्रिकोणात १ हा आकडा दिसेल. म्हणजे ती बाटली ‘पेट’ प्लॅस्टिकची. पॉलिएस्टर कापडही याच पदार्थाचं असतं. १९४१ साली व्हिनफील्ड आणि डिक्सन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी त्याचा धागा काढला. आजोबांना ‘टेरिलिन’बद्दल विचारा, तेच हे! आता बाटल्या धुवायच्या, त्यांचा चुरा करायचा, तो वितळवायचा आणि बारीक भोकांतून दाबून बाहेर काढायचा. शेवया पाडतात ना, तसंच. झाला धागा तयार! नवं खनिज तेल लागत नाही, ऊर्जाही कमी लागते.

मग सुती शर्टाचं काय? कापूस शेतात पिकतो, म्हणून तो निर्मळ, असं आपल्याला वाटतं. पण जगाची सरासरी काढली तर एक किलो सुती कापडामागे सुमारे १०,००० लीटर पाणी लागतं. मध्य आशियात १९६० नंतर कापसासाठी अमुदर्या आणि सिरदर्या या नद्यांचं पाणी कालव्यांत वळवलं. परिणाम? एके काळी जगात चौथा असलेला अरल समुद्र बहुतेक आटून गेला. आपल्या विदर्भातला कापूस मुख्यतः पावसाच्या पाण्यावर येतो. पण तिथे प्रश्न फवारणीचा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आपल्या शर्टामागे असंही कुणीतरी असतं.

म्हणजे बाटलीचा शर्ट जिंकला? थांबा, अजून तो धुवायचाय! धुताना कापडातून डोळ्यांना न दिसणारे तंतू सुटतात. २०११ साली शास्त्रज्ञांनी मोजलं, तेव्हा पॉलिएस्टरच्या एकेका कपड्यातून एका धुण्यात १९०० हून अधिक तंतू निघू शकतात, असं आढळलं. ते गटारातून नदीत आणि नदीतून समुद्रात जातात. सुती तंतू कुजून मातीत मिसळतो. पॉलिएस्टरचा तंतू वर्षानुवर्षं तसाच राहतो, मग तो बाटलीपासून केलेला का असेना.

तेव्हा ‘कोणता चांगला?’ असं विचारण्याऐवजी ‘कशासाठी चांगला?’ असं विचारू या. रोज घामेजणारा, रोज धुवायचा कपडा सुती बरा. दप्तर, रेनकोट, थंडीचं जाकीट या क्वचित धुवायच्या वस्तू. त्यांना बाटलीचं कापड चालेल.

आता एक गणित. पाव किलोच्या सुती शर्टाला २,५०० लीटर पाणी लागलं, असं धरा. तो दहादाच घालून टाकून दिला, तर प्रत्येक वेळेला २५० लीटर पाणी खर्च झालं. शंभरदा घातला, तर फक्त २५ लीटर! म्हणून ताईचा शर्ट धाकट्याला आणि विरलेलं लुगडं गोधडीला, ही आजीची रीत हिशेबालाही पक्की आहे. बटण तुटलं तर शर्ट टाकू नका, सुईदोरा घ्या!

करून पाहा : जुन्या कपड्यांतून एक सुती आणि एक पॉलिएस्टरचा धागा काढा. आई-बाबांना सांगा, की चिमट्यात धरून एकेक धागा मेणबत्तीवर जाळा. तुम्ही लांबूनच पाहा. सुती धाग्याची कागदासारखी राख होईल. पॉलिएस्टरचा धागा वितळून त्याचा कडक मणी बनेल. मग कपाटातल्या कपड्यांची लेबलं वाचा आणि यादी करा : बाटलीचे किती, बोंडाचे किती, आणि वर्षभरात एकदाही न घातलेले किती?