गुरुभाईची पाच मिनिटे

मागच्या रविवारी जेवणे आटोपल्यावर नातवाने टीव्हीवर ‘गुरु’ लावला. मणिरत्नम यांचा हा चित्रपट जानेवारी २००७ मध्ये आला, तेव्हा आम्ही उभयतांनी तो थिएटरात पाहिला होता. परतताना मी गप्प होतो. सौभाग्यवतींना वाटले, डोके दुखत असेल. दुखत नव्हते, खटकत होते.

चित्रपट देखणा आहे, यात वाद नाही. रेहमानचे संगीत आहे, अभिषेक बच्चनने कामही जीव ओतून केले आहे. गुजरातेतल्या ईडरचा गुरुकांत देसाई तुर्कस्तानात नोकरी करतो, परततो, हुंड्याच्या पैशासाठी लग्न करतो, मुंबईच्या कापडधंद्यात शिरतो आणि पॉलिस्टरच्या बळावर अफाट मोठा होतो. धीरूभाई अंबानींच्या आयुष्याशी असलेले साम्य तेव्हा सर्वांनीच बोलून दाखवले. (पडद्यावर पॉलिस्टरचा जयजयकार चाललेला असताना माझ्यासारख्या वऱ्हाडी प्रेक्षकाच्या मनात हिंगणघाटचा कापूस येतो, त्याला इलाज नाही.) अखेरीस चौकशी आयोगापुढे त्याला बोलायला पाच मिनिटे मिळतात आणि तो दाखला देतो थेट बापूंचा. कायदा चुकीचा वाटला म्हणून त्यांनीही मोडला, मग मी काय वेगळे केले, असा एकूण सूर. थिएटरात टाळ्या पडल्या. वर्ध्यात! सेवाग्रामपासून आठ किलोमीटरवर.

गांधीजींनी १९३० साली मिठाचा कायदा मोडला तो व्हाइसरॉयला आधी पत्राने कळवून. १९२२ साली अहमदाबादच्या खटल्यात गुन्हा कबूल करून त्यांनी न्यायाधीशांकडे जास्तीत जास्त शिक्षा मागितली आणि सहा वर्षांची शिक्षा स्वीकारली. गुरुभाईला बापू आठवतात ते पकडले गेल्यावर. एवढा फरक मणिरत्नम यांना कळला नसेल, असे मला वाटत नाही. टाळीचा मोह, दुसरे काय!

व्यापारी आणि गांधी यांची गाठ आमच्या गावाने खरोखर पाहिली आहे. जमनालाल बजाज राजस्थानातून दत्तक म्हणून वर्ध्याला आले. सतराव्या वर्षी आजोबा बच्छराज काही बोलले, तर या मुलाने तुमचे काही नको असे पत्र लिहून घर सोडले. पुढे समजूत पटून परतले, धंदा वाढवला. १९२३च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात तुरुंगात गेले. १९२८ साली घरचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. त्यांच्यावर असा सिनेमा कोण काढणार? मिळवण्यापेक्षा सोडण्याचेच प्रसंग जास्त.

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट बोचते. या चित्रपटात पैसा येतो, वाढतो, भागधारकांच्या सभेत त्याचा जल्लोष होतो. पण तो कोणाचा होता आणि बुडाला तर कोणाचा बुडेल, हे कॅमेरा विचारत नाही.

माझ्या एका शाखेत सरकीच्या तेलाचा धंदा करणारे एक गृहस्थ होते. बोलण्यात गुरुभाईच. कॅश क्रेडिटच्या तपासणीला मी गोदामात गेलो, तर पुढच्या दोन रांगांत सरकीची पोती आणि मागे भुसा. मी पोते दाबून पाहिले होते. त्यांनी चहा मागवला, पुढच्या हंगामाचे असे काही चित्र उभे केले की मी स्टॉक स्टेटमेंटवर सही केली. माणूस मोठा होईल असे मला मनापासून वाटले होते. थिएटरात टाळ्या वाजवणाऱ्यांना मी नावे ठेवावीत, हा माझा अधिकार तिथेच संपतो.

दीड वर्षात खाते थकले. जामीनदार होते त्यांचे मेव्हणे, जिल्हा परिषद शाळेतले मास्तर. चित्रपटातला मेव्हणा, जिग्नेश, भागीदारी सोडून वेगळा होतो. मास्तरांच्या पगारातून दरमहा हप्ता कापला जाऊ लागला. ते स्वतः पावती घ्यायला येत, चष्मा पुसून आकडा वाचत, घडी घालून खिशात ठेवत. माझी बदली होईपर्यंत त्या पावतीवर सही माझीच असे.