डोंगराला विचारले का?

‘अडाण्यांनी विज्ञानाची वाट अडवली!’ हे वाक्य आमच्या शिकल्यासवरल्या मंडळींना फार आवडते. हवाई बेटांतील मौना केआ डोंगरावर नवी दुर्बीण होऊ नये म्हणून २०१९ साली तिथली म्हातारी माणसे रस्त्यावर बसली आणि पोलिसांनी त्यांना धरून नेले, तेव्हाही ते ऐकू आले. त्या दुर्बिणीच्या कामात आपला देश भागीदार, पुण्याची आयुका संस्थाही त्यात. म्हणून बोलणे भाग आहे.

मी शाळामास्तर आहे. विज्ञानाचा वैरी नव्हे. तारे ज्यांत जन्मतात त्या गार मेघांतून मिलिमीटरहून आखूड रेडिओलहरी निघतात. हवेतली वाफ त्यांना वाटेतच गिळते. म्हणून दुर्बीण उंच, कोरड्या जागी न्यावी लागते. मौना केआ ४२०५ मीटर उंच. कॅलटेकची १०.४ मीटर व्यासाची दुर्बीण तिथे १९८७ पासून या लहरी टिपत होती. काम थोर, यात शंका नाही.

पण तो डोंगर मूळ रहिवाशांचे दैवत आहे. उद्या जेजुरीच्या गडावर कुणी यंत्र बसवायला आला, तर आपण आधी लहरींची लांबी विचारू, की खंडोबाचा मान? तिथे मात्र १९६८ साली सरकारने विद्यापीठाला ६५ वर्षांचा पट्टा लिहून दिला आणि माथ्यावर एकामागून एक तेरा दुर्बिणी उभ्या राहिल्या.

त्या माणसांचे ऐकले तर विज्ञान बुडेल म्हणे! कॅलटेकची दुर्बीण २०१५ साली थांबली आणि २०२४ साली डोंगरावरून उतरवली. तबकडी चिलीतल्या उंच पठारावर पुन्हा उभारायची, असे ठरले. काय बुडाले? शेजारची १५ मीटरची मॅक्सवेल दुर्बीण कृष्णविवराच्या पहिल्या छायाचित्राच्या कामात होती. २०१९ साली ते प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या विवराला ‘पोवेही’ हे नाव हवाईच्याच भाषेतून मिळाले. ज्यांना अडाणी म्हणता, त्यांच्या भाषेतून!

२०२२ च्या कायद्याने डोंगराचा कारभार नव्या मंडळाकडे सोपवायचे ठरले आणि त्यात मूळ रहिवाशांना जागा मिळाल्या. ही अक्कल १९६८ सालीच सुचती, तर २०१९ साली म्हाताऱ्यांना रस्त्यावर बसावे लागले नसते. मग वाट अडवली कुणी?