सांधेवाल्यांची सभा

चौतीस वर्षे मध्य रेल्वेच्या हिशेब खात्यात लेखणी घासल्यावर माणसाने निवृत्तीनंतर तरी रेल्वेचे नाव काढू नये, असे आमच्या सौ.चे स्पष्ट मत आहे. त्यामुळे २०२४ च्या श्रावणात आम्ही उभयता मुलीकडे विलायतेस गेलो तेव्हा तिथे मी पुन्हा रेल्वेच्याच माणसांत जाऊन बसेन, अशी तिला कल्पना नव्हती. मला तरी कुठे होती?

आमचे जावईबापू लँकेशायर परगण्यातल्या एका गिरणगावात सरकारी इस्पितळात भूलतज्ज्ञ आहेत. गिरणगाव म्हणायचे ते जुन्या सवयीने. गिरण्या केव्हाच बंद पडल्या, चिमण्या मात्र एकदोन उभ्या आहेत. परळ-लालबागची आठवण यावी असे गाव! फरक इतकाच, की रस्त्यावर माणूस दिसत नाही. पंधरा दिवस मी खिडकीतून पाऊस मोजला. शेवटी जावईबापूंना माझी दया आली आणि एका मंगळवारी संध्याकाळी ते मला गावातल्या ‘मॉडेल रेल्वे क्लबा’त सोडून आले. “बाबा, तुमच्या खात्यातली मंडळी आहेत,” एवढेच म्हणाले.

एका प्रार्थनामंदिरामागच्या दालनात चौदा गृहस्थ एका भल्या लांब टेबलाभोवती उभे होते. बहुतेकांनी सत्तरी ओलांडलेली. टेबलावर १९५५ सालातले एक खेड्याचे स्टेशन होते. फलाट, पाण्याची टाकी, कोळशाचा ढीग, कुंपणापलीकडे सतरा मेंढ्या (मी मोजल्या, हिशेब खाते सुटत नाही), आणि मधूनच धूर नसलेली एक इवलीशी गाडी कुरकुरत येई. एकाने माझ्या हातात चहाचा कप दिला आणि दुसऱ्याने विचारले, “तुमच्याकडे रुळांतले अंतर किती?”

मी म्हटले, “पाच फूट सहा इंच. माथेरानला दोन फूट.”

झाले! मी त्यांच्यातला झालो.

हे अंतराचे प्रकरण म्हणजे या छंदातली मोठी भाऊबंदकी आहे. तिथल्या खऱ्या रेल्वेचे अंतर चार फूट साडेआठ इंच. ही मंडळी ज्याला ‘डबल-ओ’ म्हणतात त्या प्रमाणात एका फुटाला चार मिलिमीटर धरतात. त्या हिशेबाने रुळांत १८.८३ मिलिमीटर अंतर पाहिजे, पण प्रत्यक्षात ते १६.५ च असते. ब्रिटिश इंजिने मूळची अंगाने लहान. तेव्हाच्या मोटारी त्यांच्या पोटात बसेनात, म्हणून इंजिन थोडे मोठे केले आणि रूळ होता तिथेच ठेवला. हॉर्न्बीच्या कारखान्याने १९३८ साली याच मापाची गाडी बाजारात आणली आणि घरोघरी हेच माप रुजले. म्हणजे खेळण्यातली ब्रिटिश रेल्वे पाऊणशेहून अधिक वर्षे चार फूट दीड इंच रुळावर धावते आहे! काही कर्मठ मंडळी बरोबर १८.८३ वर स्वतःच्या हाताने रूळ घालतात आणि उरलेल्यांकडे, आपल्याकडे सोवळ्यातला ओवळ्याकडे पाहतो, तसे पाहतात.

आपल्याकडे हा छंद अगदीच नाही असे नाही. पुण्यास कोथरूडला जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे, आणि मे महिन्याच्या सुटीत तिथे मुलांपेक्षा बापच जास्त रेंगाळतात. क्लबातल्या मंडळींना मी ते सांगितले. त्यांनी उलट मलाच सुनावले, की १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी ज्या इंजिनांनी ओढली ती तिथून जवळच्याच व्हल्कन फाउंड्रीत घडली होती. मध्य रेल्वेचे निवृत्तिवेतन खाणाऱ्याला ही गोष्ट परक्या माणसाने सांगावी, याची मला थोडी शरम वाटली.

आठ वाजले की गाड्या थांबत. चहाबरोबर बिस्किटे येत आणि मग मुख्य विषयाला तोंड फुटे. तो विषय म्हणजे दुखणी.

वाचकहो, मी आयुष्यात पुष्कळ कट्टे पाहिले. शिवाजी पार्कचा पाहिला, डोंबिवलीच्या फलाटावरचा पाहिला. पण आजारपणाची अशी सविस्तर आणि बिनतक्रार चर्चा कुठे ऐकली नाही. बिनतक्रार म्हणजे स्वतःच्या शरीराबद्दल. सरकारी आरोग्यसेवेबद्दल तक्रार भरपूर, मात्र ती बाहेरच्याने केलेली खपत नाही. आपल्या सासूसारखे आहे ते. डॉक्टरची वेळ मिळण्यासाठी सकाळी बरोबर आठ वाजता सगळे गाव एकदम फोन करते, हे ऐकून मला हसू आले. मुंबईच्या इस्पितळात आपण केसपेपरसाठी पहाटे रांग लावतो. यांची रांग फोनात असते, एवढेच. पण एकदा आत गेले की तपासणी, शस्त्रक्रिया, इस्पितळातले जेवणखाण, कशालाच पैसा नाही. साठीपुढच्याला औषधेही फुकट. (आमच्यासारख्या पाहुण्याची गोष्ट निराळी. आकस्मिक विभागात तपासतील फुकट, पण खाटेवर निजवले की दीडपट बिल. हे कळल्यापासून सौ. मला भिजू देईना.)

ही सेवा सुरू झाली ५ जुलै १९४८ रोजी. अन्यूरिन बेव्हन हे आरोग्यमंत्री, आणि सुरुवात झाली ती मँचेस्टरजवळच्या पार्क हॉस्पिटलात. त्याच वर्षी १ जानेवारीला तिथली रेल्वेही सरकारी झाली होती. रेल्वे पुढे १९९० नंतर पुन्हा खासगी कंपन्यांना वाटली गेली, इस्पितळे राहिली. पण त्या मंडळींकडून कळलेली खरी गंमत वेगळीच. स्विंडनला ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा प्रचंड कारखाना होता. तिथल्या कामगारांनी १८४७ साली पगारातून थोडे थोडे पैसे कापून एक वैद्यकीय निधी काढला. त्यातून डॉक्टर आले, औषधे आली, पुढे स्वतःचे इस्पितळ आले, दंतवैद्य आला, स्नानगृहेसुद्धा आली. बायकामुलांसकट सगळ्यांना सोय. शंभर वर्षे हा निधी चालला आणि १९४८ साली राष्ट्रीय सेवेत विलीन झाला. बेव्हनसाहेबांपुढे जे नमुने होते त्यांत हाही एक, असे म्हणतात. माझ्या खिशात मध्य रेल्वेचे वैद्यकीय कार्ड होते. ते मी सगळ्यांना फिरवून दाखवले. माझा उजवा डोळा त्या कार्डावरच झाला आहे.

डोळ्यावरून आठवले. क्लबात एक रंगवाले गृहस्थ होते. सगळ्यांची इंजिने तेच रंगवीत. ब्रिटिश रेल्वेचा गडद हिरवा रंग म्हणजे त्यांचा हातखंडा. पाचसहा वर्षांपूर्वी त्यांना वाटू लागले, की रंगाच्या कंपन्या लबाडी करू लागल्या. डब्यातला हिरवा पूर्वीसारखा राहिला नाही, पिवळट येतो. म्हणून ते त्यात मनाने निळा मिसळू लागले. दरवर्षी थोडा जास्त. मग मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, पट्टी निघाली, आणि गृहस्थ घरी येऊन पाहतात तो कपाटात तीन इंजिने मोरपंखी! कंपन्यांची लबाडी नव्हती, डोळ्यातले भिंग पिवळे पडले होते. आणि एवढी वर्षे क्लबातल्या एकाही माणसाने ब्र काढला नव्हता. “आम्हांला वाटले, तुम्ही काही ऐतिहासिक आधार शोधला असेल,” असे गार्डाची टोपी घालणारे एक आजोबा शांतपणे म्हणाले. डोळ्यात बसवायचे कृत्रिम भिंगही त्याच देशातले बरे का. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पर्स्पेक्सचे कण शिरले, तरी डोळा ते मुकाट्याने सोसतो, हे हॅरॉल्ड रिडली या नेत्रवैद्यांनी पाहिले आणि १९४९ साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात पहिले भिंग बसवले. हे ऐकल्यावर टेबलावरच्या घरांना पर्स्पेक्सच्या खिडक्या लावणारे गृहस्थ दोन आठवडे फार भाव खाऊन होते.

आता सांधेवाल्या आजोबांबद्दल. वय ८३. टेबलाच्या मागे तरफांची एक चौकट होती. तिच्यापुढे उंच स्टुलावर बसून सगळ्या गाड्यांचे सांधे तेच बदलीत. पूर्वी उभे राहून बदलीत, पण डाव्या खुब्याने दगा दिला होता. आमच्या भाषेत रुळाच्या आणि हाडाच्या जोडाला एकच शब्द आहे, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते इतके खूश झाले, की एका कागदावर ‘सांधेवाला’ असे माझ्याकडून लिहून घेऊन त्यांनी तो चौकटीवर चिकटवला.

आजोबांना खुब्याचा नवा सांधा हवा होता आणि त्यासाठी ते पंधरा महिने रांगेत होते. नियम अठरा आठवड्यांचा. तो २०१६ नंतर देशभराच्या हिशेबात कधी पाळला गेलेला नाही, आणि मी तिथे होतो तेव्हा सगळ्या उपचारांची मिळून यादी ७५ लाखांवर गेली होती. शिवाय हा कृत्रिम खुबा जवळजवळ त्यांच्या अंगणातच जन्मलेला! जॉन चार्नली नावाच्या शल्यविशारदांनी लँकेशायरमध्येच राइटिंग्टनच्या इस्पितळात तो सिद्ध केला. पहिल्या टेफ्लॉनच्या वाट्या त्यांनी घरच्या लेथवर स्वतः कातल्या. (लेथ हा शब्द उच्चारताना आजोबांचा आवाज कातर होई.) त्या वाट्या झिजल्या, आत गाठी झाल्या, रोग्यांना पुन्हा टेबलावर घ्यावे लागले. टेफ्लॉन खरोखर बाधते का, हे पाहायला चार्नलींनी ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. १९६२ साली एक विक्रेता मागाच्या दातेरी चाकांसाठी वापरतात तसले प्लास्टिक घेऊन आला. चार्नलींनी नखाने ओरखडून पाहिले आणि नको म्हटले. पण त्यांचा कारागीर हॅरी क्रेव्हन याने साहेब परगावी असताना तो तुकडा गुपचूप घासणीच्या यंत्राला लावला. तो झिजेचना! त्याच वर्षी नोव्हेंबरात नवी वाटी माणसाच्या शरीरात बसली. आजोबा ही कथा दर मंगळवारी सांगत आणि दर मंगळवारी त्यांचा नायक चार्नली नसून क्रेव्हन असे.

रंगवाल्यांनी एकदा सरळ विचारले, “मुलगा पैसे द्यायला तयार आहे, तर खासगीत का करून घेत नाही? मी दुसरा डोळा पैसे देऊनच केला. तुम्ही बाजूला झालात तर मागचा एक पुढे सरकेल.”

आजोबांनी कप खाली ठेवला. त्यांचे वडील इंजिनावर कोळसा टाकणारे फायरमन. १९११ च्या विमा कायद्याखाली कामगाराला डॉक्टर मिळे, पण त्याच्या बायकोला आणि पोरांना नाही. आजोबांच्या आईला वर्षानुवर्षे सुईत दोरा ओवता येत नसे. ते काम हा मुलगा करी. डॉक्टरचा वसुलीवाला शुक्रवारी दाराशी येई, तेव्हा आई दिवा मालवून मुलांना गप्प बसवी. ४८ च्या उन्हाळ्यात ती चष्मा लावून घरी आली. “त्या दिवशी तिने माझा चेहरा बराच वेळ पाहिला,” आजोबा म्हणाले. “मला वाटले, मी काही गुन्हा केला आहे. मी सात वर्षांचा होतो.” मग म्हणाले, “या रांगेतून मी पैसे देऊन बाहेर पडणार नाही.”

रंगवाले म्हणाले, “तुमची आई असती तर तिने तुमच्या कानशिलात दिली असती.”

त्यानंतर दोन मंगळवार त्या दोघांत बोलणे नव्हते. मला विचाराल तर दोघांचेही बरोबर होते. पण हे मी तिथे कोणाला सांगितले नाही.

ऑक्टोबरात क्लबाचे वार्षिक प्रदर्शन होते, शनिवारी. त्या आठवड्यात सोमवारी आजोबांना इस्पितळातून फोन आला: एकाची शस्त्रक्रिया रद्द झाली आहे, तुमच्या तपासण्या झालेल्याच आहेत, शुक्रवारी सकाळी सातला येता का? मंगळवारी आजोबा क्लबात आले ते पडलेला चेहरा घेऊन. सांधे कोण बदलणार? आणि त्यांनी काठी उचलून माझ्याकडे दाखवली. “हे बदलतील. यांनी खऱ्या रेल्वेत ३४ वर्षे काढली आहेत.” मी हिशेब खात्यात होतो, हे मी इंग्रजीत तीनदा सांगितले. माझे इंग्रजी नेमके अशा वेळीच कोणाला कळत नाही.

शुक्रवारी पहाटे त्यांना इस्पितळात मोटारीने नेले ते रंगवाल्यांनी.

शनिवारी दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. आमची सौ. पहिल्या रांगेत, शालीत. अकरापर्यंत सर्व सुरळीत चालले. मग मी चौथ्याऐवजी पाचवी तरफ ओढली आणि दुधाची गाडी मुख्य मार्ग सोडून थेट कोळशाच्या वखारीत शिरली. गार्डाची टोपीवाले दुसरीकडे बघू लागले. एक सहा वर्षांचे पोर मोठ्याने म्हणाले, “ते आजोबा चुकले!” सौ. मान डोलावीत होती.

दुपारी वॉर्डातून फोन आला. आजोबा आदल्या संध्याकाळीच दोन पावले चालले होते, आता बाथरूमपर्यंत गेले होते. खुब्याविषयी त्यांना अधिक बोलायचे नव्हते.

“दुधाची गाडी?” त्यांनी विचारले.

“वेळेवर,” मी म्हटले.

घरी जाताना जावईबापू म्हणाले, “बाबा, आजाऱ्याशी इतके खोटे चालते.” सौ.ला ते पटलेले दिसले नाही.